कसूर कोणाची?

‘कसूर’ हा शब्द मी दोन्ही तासांना शिकवते. उर्दूत तो पुल्लिंगी, मराठीत स्त्रीलिंगी. मराठी वर्तमानपत्रांत बँकांच्या जप्तीच्या नोटिसा छापून येतात. कर्जदाराने रक्कम भरण्यात कसूर केली, असे त्यात लिहिलेले असते. कर्ज देणाऱ्याने काय केले, याबद्दल नोटीस गप्प असते.

आर्थिक संकटांवरचे चित्रपट पाहताना मला हीच नोटीस आठवते.

‘द बिग शॉर्ट’ (2015) पाहा. 2008 मध्ये अमेरिकेतील घरकर्जांचा फुगा फुटला, त्याची ही गोष्ट. नायक कोण? फुगा फुटणार हे आधी ओळखून त्यावर पैज लावणारे आणि त्यातून अफाट पैसा कमावणारे मूठभर हुशार लोक. त्यात एक भाडेकरूही आहे. तो भाडे वेळेवर देतो, पण घरमालकाने कर्जाचे हप्ते थकवले आहेत हे त्याला ठाऊकच नसते. शेवटी तो कुटुंबासह गाडीत राहताना दिसतो. त्याच्या वाट्याला पडद्यावरची काही मिनिटे येतात.

तरी या चित्रपटाने एक खरी गोष्ट सांगितली. शेवटी निवेदक म्हणतो की बँकवाले सुटले आणि दोष टाकला गेला स्थलांतरितांवर, गरिबांवर आणि या वेळी तर शिक्षकांवरही. हे ऐकून मी चमकले. शिक्षकांचा इथे काय संबंध?

संबंध असा जोडला गेला. मंदीने राज्यांचा महसूल आटला, तिजोरीत खड्डा पडला. मग हा खड्डा शिक्षकांच्या पगार-पेन्शनमुळे पडला, असे सांगणे सुरू झाले. 2011 मध्ये विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी शिक्षकांसह बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा वाटाघाटीचा हक्क जवळपास संपवणारा कायदा आणला. हजारो लोक मॅडिसनच्या विधानभवनात ठाण मांडून बसले, तरी कायदा झालाच. त्याआधी ऑक्टोबर 2008 मध्ये वित्तसंस्थांना सावरण्यासाठी 700 अब्ज डॉलरची तरतूद झाली होती. सरकारी पैशावर तगलेल्या एआयजी या विमा कंपनीने मार्च 2009 मध्ये 16.5 कोटी डॉलरचे बोनस वाटले होते. तेव्हा तिजोरीची काळजी कुठे होती?

स्टाफरूममध्ये हा विषय काढला की कोणीतरी हमखास म्हणते, “झेपत नव्हते तर लोकांनी कर्ज घेतलेच कशाला?” माझा उलटा प्रश्न आहे, झेपत नव्हते तर बँकेने दिलेच कशाला? उत्पन्नाचा धड पुरावा न पाहता कर्जे दिली गेली, कारण ती देणाऱ्याच्या अंगावर राहणारच नव्हती. त्यांचे गठ्ठे बांधून पुढे विकायचे होते. देणाऱ्याला कमिशन मिळाले, गठ्ठा बांधणाऱ्याला फी मिळाली, आणि मानांकन संस्थांनी त्या गठ्ठ्यांवर ‘ट्रिपल ए’चा शिक्का मारला. अमेरिकन सरकारच्याच चौकशी आयोगाने 2011 मध्ये सांगितले की हे संकट टाळता येण्यासारखे होते. गरीब वस्त्यांना कर्ज द्यायला लावणाऱ्या 1977 च्या कायद्यावर खापर फोडले जात होते. तो कायदा संकटाचे महत्त्वाचे कारण नव्हता, असेही या आयोगाने म्हटले.

‘मार्जिन कॉल’ (2011) मधला बँकेचा प्रमुख वेगळी पळवाट काढतो. तो 1637 पासूनच्या संकटांची साले घडाघडा म्हणून दाखवतो आणि हे असेच चालत आले आहे, असे सुचवतो. म्हणजे संकट हे जणू अवर्षण! पण त्याच सकाळी आपल्याकडचा बुडीत माल दुसऱ्यांच्या गळ्यात मारण्याचा हुकूम त्यानेच दिलेला असतो. पाऊस कोणाच्या हुकमाने थांबत नाही.

आता ज्या चित्रपटाविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही, तो. ‘अ‍ॅबकस : स्मॉल इनफ टू जेल’ (2016) हा स्टीव्ह जेम्स यांचा माहितीपट. अ‍ॅबकस ही न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधली, एका चिनी स्थलांतरित कुटुंबाची छोटी बँक. एक कर्मचारी गैरव्यवहार करतो आहे हे बँकेलाच आढळले. तिने त्याला काढले आणि वर कळवले. तिची कर्जे बुडण्याचे प्रमाण अत्यंत कमी होते. तरी 2012 मध्ये तिच्यावर फौजदारी खटला भरला गेला. कर्मचाऱ्यांना एका साखळीत जोडून कॅमेऱ्यांसमोर नेले. 2015 मध्ये ज्युरीने बँकेला सर्व आरोपांतून मुक्त केले, पण तोवर कुटुंबाचे सुमारे एक कोटी डॉलर लढण्यात गेले होते. दुसरीकडे जेपी मॉर्गनने 2013 मध्ये 13 अब्ज डॉलर भरून आपले प्रकरण मिटवले. तिथे कोणाला साखळी लागली नाही.

अटकेचा फोटो पहिल्या पानावर आणि सुटकेची बातमी आतल्या पानावर, हे आमच्या समाजाने फार जवळून पाहिले आहे. म्हणून हा माहितीपट मला परका वाटला नाही. वर्गात काच फुटली की सगळी बोटे एकाच मुलाकडे वळतात, आणि तो बहुधा असा असतो, ज्याच्या बाजूने बोलायला कोणी शाळेत येणार नसते.

आपल्याकडेही वेगळे नाही. ‘स्कॅम 1992’ (2020) ही मालिका गाजली, तिची धून मोबाइलवर वाजू लागली, हर्षद मेहता पोरांचा हिरो झाला. त्या घोटाळ्यात पोकळ बँक रिसिटा देणाऱ्या बँकांपैकी एक होती बँक ऑफ कराड. ती बुडाली. रिसिटा देणारे अधिकारी दोषी होतेच, पण साताऱ्याकडच्या ठेवीदारांनी शेअर बाजारात कोणता डाव टाकला होता? सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त 1000 रुपये काढण्याची मुभा होती. रांगेत उभ्या म्हाताऱ्यांनाही ऐकवले गेले, सहकारी बँकेत पैसे ठेवलेच कशाला?

चित्रपट काढू नका, असे मी म्हणत नाही. पण कॅमेरा कधीतरी त्या रांगेत उभा करा. दिग्दर्शकाला अकलेचे आणि पैशाचे आकर्षण असते, प्रेक्षकालाही असते. त्या आकर्षणाच्या भरात “लोभ तर सगळ्यांनाच होता” हे वाक्य आपण माना डोलवत स्वीकारतो. सगळेच दोषी ठरले की ज्याच्याकडे वकील आहे तो सुटतो आणि ज्याच्या दारावर नोटीस लागते तोच कसूरवार उरतो.

पुढचा असा चित्रपट पाहाल तेव्हा एवढेच करा. शेवटी कोणाचे घर गेले आणि कोणाचा बोनस वाढला, हे एका कागदावर लिहा. दोन्ही यादींत एकही नाव सारखे निघाले, तर मला जरूर कळवा.