काळ्या पट्ट्यांचा सिनेमास्कोप

चित्राच्या वर एक आणि खाली एक काळी पट्टी चिकटवली, की घरच्या व्हिडिओचा सिनेमा होतो, असा समज आमच्या भागातल्या हौशी मंडळींत पक्का रुजला आहे. माझा त्याला सक्त विरोध आहे. वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला दुसरं काही कळो न कळो, कुठून किती कापलं गेलं ते आधी दिसतं.

हिशेबच बघा ना. फोर-के चित्राची रुंदी ३८४० ठिपके, उंची २१६०. पट्ट्या लावून त्याचं २.३९ ला १ हे सिनेमाचं प्रमाण साधायचं, तर उंची उरते १६०७. म्हणजे शेकडा पंचवीसहून जास्त चित्र अंधारात गडप! एवढी कपात पगारातून झाली असती तर हीच मंडळी मोर्चा घेऊन निघाली असती. इथे मात्र "काय लुक आलाय!" म्हणून स्वतःच टाळ्या.

ॲनामॉर्फिक भिंगाचा व्यवहार चोख. ते चित्राची फक्त रुंदी आवळतं, उंचीला हात लावत नाही. मागाहून संगणकावर तेवढंच ताणायचं. १.३३ पट आवळणारं भिंग असलं, तर सोळा-नऊच्या चौकटीतून सुमारे २.३६ ला १ असं रुंद चित्र निघतं, कात्री न लावता. ही युक्ती १९२०च्या दशकातली, आंरी क्रेतियें या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची. हॉलिवुडने १९५३ साली 'द रोब'साठी ती वापरली आणि गुरुदत्तने १९५९ साली 'कागज़ के फूल'साठी. तो चित्रपट पडला, पण त्यात भिंगाचा काही दोष नव्हता!

जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजला हे शास्त्र तोंडपाठ होतं. स्कोप चित्र लागलं की प्रोजेक्टरच्या तोंडाला वेगळं भिंग चढवायचं. ते नसलं, तर पडद्यावरचा खलनायकसुद्धा उपाशी बांबूसारखा उंच आणि सडपातळ दिसणार!

आता कोणी म्हणेल, ही चैन मुंबईवाल्यांची. होती खरी. पण २०२० साली सिरुई या चिनी कंपनीने हजार डॉलरांच्या आत असं भिंग आणलं आणि हौशी माणसाचा हात तिथवर पोचला. आमचे एक स्टुडिओवाले मित्र नाक मुरडतात. "अहो, दोन पट आवळेल तेच खरं. हे १.३३चं म्हणजे पोरखेळ!" बरोबर आहे, भाऊसाहेब. यात मागचे दिवे फारसे लंबगोल होत नाहीत आणि चेहरा फार जवळ घेतला की ते रुसतं. पण मग तुम्ही लग्नात पट्ट्या चिकटवून नवरदेवाचा तुरा कापता, तो काय खेळ म्हणायचा?

आणि आमच्या येरमाळ्याला हे भिंग हवंच, कारण माणूस उभा असला तरी यात्रा आडवी असते. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते आणि रानात नजर पोचेल तिथवर माणसं वाकून चुन्याचे खडे वेचत असतात. हे दृश्य उभ्या फोनमध्ये धरलं की हाती काय लागतं? एक पाठ, दोन पिशव्या आणि उरलेलं सगळं आभाळ. पट्ट्या लावल्या तर आभाळ जातं, पण वाढत काहीच नाही, पाठ एकच! मागे शेवटच्या रांगेत खडा हाती लागल्यावर कपाळाला लावणारी आजी कोणाच्याच चित्रात येत नाही. पुढच्या वर्षी ती असेलच असं नाही.

निळ्या रेघांसाठी दर दिव्यावर कॅमेरा रोखणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, पण ते पुन्हा कधी. सध्या एवढंच, की येत्या चैत्रात कोणी असं भिंग घेऊन येणार असेल, तर ट्रायपॉड धरायला मी रजा टाकतो. चार कॅज्युअल शिल्लक आहेत.