गच्चीवरचे विमान
१८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडविले, असे आपण अभिमानाने सांगतो. ठाम पुरावा मात्र कोणी दाखवीत नाही. याउलट वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्याची नोंदणी २०१७ साली झाली. उड्डाणाच्या परवान्याला २०१९ उजाडले.

अमेरिकेत अशा हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ सालीच काढली. तेथे हौशी विमान म्हणून मान्यता हवी, तर निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः, शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी केलेले असावे लागते. तपासणी तेथेही चुकत नाही. पण करून शिकणाऱ्याला कायद्यात आधीच जागा आहे.

सुरक्षितता हवीच, विमान म्हणजे सायकल नव्हे. परंतु चुकलेला रिव्हेट काढून पुन्हा ठोकणाऱ्याला जे कळते, ते आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना टिपणे पाठ करून कळायचे नाही. तेव्हा मित्रहो, पूर्वजांच्या विमानावर भाषण ठोकण्याआधी घरातला बंद पडलेला पंखा तरी एकदा उघडून पाहू या.