घरचा कशिदा : कुंचीवरील गवंती

भोरजवळील आंबवडें काय किंवा मावळांतील दुसरें कोणतेंहि गांव काय, गोधडीचा धांवदोरा वडील बायकांच्या अगदीं हातांतला असे. तयार पांघरुणें आल्यापासून तो हात थांबत चालला आहे. म्हणून तान्ह्या बाळाच्या कुंचीवर त्याचा उपयोग आम्ही सुचवितों.

धारवाडकडील कसुतींत गवंती नांवाचा टांका आहे. इरकली लुगड्यांवर तो पुष्कळ भगिनींनीं पाहिला असेल. चार धागे वर, चार धागे खालीं, असा धांवदोरा ओळीच्या शेवटापर्यंत न्यावा. मग त्याच वाटेनें परततांना मोकळ्या राहिलेल्या जागा भराव्या. नक्षी दोन्ही अंगांनीं सारखी उठते. गांठ मुळींच मारावयाची नसते. दोऱ्याचीं टोकें टांक्यांखालीं दडवावीं. त्यामुळें बाळाच्या कोंवळ्या टाळूस कांहीं टोंचत नाहीं.

कापड धागे मोजतां येतील असें हातमागाचें घ्यावें. रंगीत दोरा आधीं ओल्या पांढऱ्या फडक्यावर घांसून पाहावा. रंग उतरल्यास तो वापरूं नये.

घरांत गोधडी शिवणाऱ्या आजी असतील, तर जाणारी ओळ त्यांच्याकडून घालून घ्यावी व परतीची नातीनें भरावी. विद्या अशीच पुढें जाते.