मासे सोडावेत की नदी सोडवावी?

हातकणंगले तालुक्यातून वाहणारी पंचगंगा रुई, इचलकरंजी मागे टाकून शिरोळ तालुक्यात शिरते आणि नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते. या शेवटच्या टप्प्यातील एक बातमी आता आपल्या अंगवळणी पडली आहे. पावसाळा सरून प्रवाह मंदावला की तेरवाड किंवा शिरोळच्या बंधाऱ्यावर मृत माशांचा खच पडतो. ग्रामस्थ संतापतात, अधिकारी पाण्याचे नमुने घेतात, नोटिसा निघतात. काही महिन्यांनी तीच बातमी नव्या तारखेने छापली जाते. मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे सोडणे कठीण नाही. प्रश्न असा आहे की, त्यांनी जगावे कशात?

हा प्रश्न जगात प्रथम ज्यांनी गांभीर्याने विचारला, त्यांत गळ टाकून बसणारे हौशी मासेमार अग्रभागी होते. ‘फ्लाय फिशिंग’ या प्रकारात गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसे आणि दोरा यांची कृत्रिम माशी बांधून ती पाण्यावर अलगद टेकवतात. त्यासाठी नदीत कोणत्या ऋतूत कोणते कीटक जन्मतात, हे मासेमाराला ठाऊक असावे लागते. यांतील कित्येक नाजूक कीटक स्वच्छ पाण्यातच वाढतात. ते नाहीसे झाले की मासा मरण्याच्या आधीच या माणसाला नदीचे दुखणे कळते.

इंग्लंडमधील जॉन ईस्टवुड हे असेच एक मासेमार. व्यवसायाने ते वकील होते. नदी दूषित करणाऱ्यांविरुद्ध एकटादुकटा मासेमार न्यायालयात टिकणार नाही, हे ओळखून त्यांनी १९४८ साली मासेमारांची सहकारी संघटना उभारली. डर्वेंट नदीत एका कृत्रिम धाग्याच्या कारखान्याचे सांडपाणी, डर्बी शहराचे मैलापाणी आणि वीजकेंद्राचे गरम पाणी मिसळत होते. डर्बीच्या एका मासेमार मंडळाने या तिघांनाही न्यायालयात खेचले आणि अपिलातही विजय मिळवला. कारखाना मोठा आहे, शहराची गरज मोठी आहे, ही सबब तेथे चालली नाही. वस्त्रोद्योगाचे रसायन आणि शहराचे मैलापाणी, हा जोड इचलकरंजीकरांना वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या महाराष्ट्रातही माशांसाठी वाहिलेले एक आयुष्य आहे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० साली मुंबई किनाऱ्याजवळील बोटाच्या पेराएवढ्या, पारदर्शक अशा एका माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे ते राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक झाले. त्यांचे नाव मात्र जोडले गेले ते महाशीर या बलदंड माशाशी. दख्खनच्या महाशीराची शास्त्रीय ओळख कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून करून दिली होती. म्हणजे कृष्णा खोरे हेच त्याचे घर. पावसाळ्यात हा मासा प्रवाहाविरुद्ध वर चढून खडीच्या तळावर अंडी घालतो. धरणांनी त्याची वाट अडवली. सुरुंग आणि विष यांनी उरलासुरला संहार केला.

१९७० च्या सुमारास कुलकर्णी यांनी लोणावळ्याला, टाटा वीज कंपन्यांच्या तलावांवर, महाशीराची कृत्रिम पैदास यशस्वी केली. सहकारी एस. एन. ओगले यांच्यासह ते काम वाढले. वळवणच्या केंद्रातून लाखो पिल्ले देशभरच्या जलाशयांत गेली. एकेकाळी ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली ही जात आज आंतरराष्ट्रीय सूचीत ‘किमान चिंते’च्या वर्गात आहे. हे यश निर्विवाद मोठे आहे.

परंतु याच कथेला दुसरी बाजू आहे. लोणावळ्याची पिल्ले दक्षिणेत कावेरीतही सोडण्यात आली. तेथे कुबड असलेला एक प्रचंड महाशीर पूर्वापार राहत होता. १९४६ साली त्याच्यापैकी १२० पौंडांचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. पकडलेला मासा मोजून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या मासेमारांनी १९९८ ते २०१२ या काळात गालिबोरे येथे नोंदवह्या ठेवल्या. संशोधकांनी २०१५ साली त्या वह्या अभ्यासल्या, तेव्हा धक्कादायक चित्र समोर आले. बाहेरून आलेला महाशीर वाढत होता आणि मूळचा कुबडाचा महाशीर दिसेनासा होत होता. २०१८ साली या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

यात कुलकर्णींना दोष देणे अन्यायाचे होईल. कावेरीतील मासा कोणत्या जातीचा, हे त्या काळी शास्त्रालाच निश्चित ठाऊक नव्हते. तरीही धडा उरतोच. मासा निर्माण करता येतो. नदी निर्माण करता येत नाही. अमेरिकेत १९५९ साली स्थापन झालेल्या ‘ट्राउट अनलिमिटेड’ या मासेमारांच्या संस्थेची पहिली मागणीही हीच होती: तळ्यात वाढवलेले मोठे मासे नदीत ओतू नका, नदी अशी राखा की मासे आपोआप वाढतील.

आता पुन्हा पंचगंगेकडे वळू. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मत्स्यजीवनासाठी दर लिटर पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. मैलापाणी, साखर कारखान्यांची मळी यांसारखी सेंद्रिय घाण पाण्यात मिसळली की ती कुजताना जिवाणू हा प्राणवायू संपवतात. त्यात पावसाळ्यानंतर कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे बसतात, पाणी तुंबते, जलपर्णी पसरते. साखरेचा गळीत हंगामही नेमका याच काळात असतो. एखाद्या दिवशी साठलेले काळे पाणी एकदम खाली येते आणि मासे श्वासासाठी तडफडत पृष्ठभागावर येतात. यात गूढ असे काही नाही. हे घडणार, हे आधीच सांगता येते. म्हणूनच ते टाळताही येते.

आणि हा प्रश्न केवळ माशांचा नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ पसरली, अनेकांचे प्राण गेले. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. एका दशकानंतर, २०२२ च्या केंद्रीय अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रातच होते. दरम्यान इचलकरंजी शहर दाराशी नदी असताना कृष्णेचे पाणी आणू लागले, पुढे दूधगंगेकडे पाहू लागले. त्या काठावरच्या गावांनी विरोध केला. एक नदी बिघडली की माणूस दुसऱ्याच्या नदीवर हक्क सांगतो आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत तंटा उभा राहतो.

उपाय अज्ञात नाहीत. काळ्या ओढ्यासारख्या ओढ्यांचे पाणी नदीला मिळण्यापूर्वीच शुद्ध झाले पाहिजे. प्रक्रिया केंद्रे कागदावर नव्हे, प्रत्यक्षात अहोरात्र चालली पाहिजेत. प्रत्येक बंधाऱ्यावर पाण्यातील प्राणवायूचे प्रमाण गावकऱ्यांना वाचता येईल असे लावले पाहिजे आणि बरगे काढताना-घालताना ते पाहिले पाहिजे.

आपल्याच परिसरात आशादायक उदाहरण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातून वाहणाऱ्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीत, २०२० साली माशाची एक नवी जात प्रसिद्ध झाली. इवल्याशा त्या माशासाठी २०२१ साली शासनाने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. तेथे कोणी मासे आणून सोडले नाहीत; पाणी राखण्याचा निर्णय झाला, एवढेच.

पंचगंगेकाठी राहणाऱ्या आपणही नदीची नोंद ठेवायला शिकले पाहिजे. पाण्याचा रंग केव्हा बदलला, मासे केव्हा वर आले, कोणत्या ओढ्याला फेस आला, हे तारखेसह लिहून ठेवणारी एक साधी वही गावोगावी असावी. कावेरीचे सत्य अशाच वह्यांनी उघड केले. पुढच्या वेळी बंधाऱ्यावर खच पडेल तेव्हा आपल्या हाती केवळ संताप नसावा, पुरावाही असावा.