विश्लेषण : युद्ध युक्रेनमध्ये, मग मंगळावरचा रोव्हर का रखडला?

मंगळाच्या जमिनीत दोन मीटर खोल छिद्र पाडून तिथे कधी जीवसृष्टी होती का, हे तपासणारा युरोपचा रोव्हर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उडणार होता. आता तो २०२८ मध्ये निघेल आणि २०३० मध्ये उतरेल, असे नियोजन आहे. याआधी पॅराशूटच्या अडचणींमुळे तो रखडला होता. या वेळी मात्र रोव्हर तयार होता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि सगळे गणित बिघडले.

नेमके अडले कुठे?

‘रोझलिंड फ्रँकलिन’ हा रोव्हर युरोपीय अंतराळ संस्थेचा, म्हणजे ‘ईसा’चा. पण त्याला नेणारे प्रोटॉन रॉकेट रशियाचे, मंगळावर उतरवणारा ‘कझाचोक’ हा मंचही रशियाचा. मंगळावरच्या कडाक्याच्या थंडीत रोव्हर गोठू नये म्हणून लागणारे किरणोत्सारी हीटरसुद्धा रशियाच देणार होता. १७ मार्च २०२२ रोजी ईसाने सहकार्य स्थगित केले आणि जुलैत ते संपवले.

रॉकेट दुसरे मिळू शकते. उतरण्याचा मंच असा दुकानातून आणता येत नाही, तो नव्याने बांधावा लागतो. त्यात मंगळाकडे जाण्याची सोयीची वेळ साधारण २६ महिन्यांतून एकदाच येते. ती हुकली की दोन वर्षे गेलीच. अखेर मे २०२४ मध्ये ‘नासा’ने उड्डाणाची सोय, वेग कमी करणारी इंजिने आणि हीटर देण्याचा करार केला. गंमत अशी, की नासा या मोहिमेत आधी होतीच. २०१२ मध्ये पैशांचे कारण देऊन ती बाहेर पडली आणि तिची जागा रशियाने घेतली!

मग अंतराळ स्थानक कसे टिकले?

त्याच काळात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात रशियन आणि अमेरिकी अंतराळवीर एकत्र राहत होते. रॉसकॉसमॉसचे तत्कालीन प्रमुख दिमित्री रोगोझिन यांनी ‘सहकार्य तोडले तर स्थानक खाली कोसळण्यापासून कोण वाचवणार’ अशा अर्थाचा इशाराही देऊन पाहिला. तरी जुलै २०२२ मध्ये एकमेकांच्या यानांत जागा देण्याचा करार झाला. सप्टेंबरमध्ये फ्रँक रुबिओ सोयूझमधून गेले, ऑक्टोबरमध्ये ॲना किकिना अमेरिकी ड्रॅगनमधून.

याला विज्ञानाची मैत्री म्हणण्याचा मोह होतो. खरे कारण जोडणीत आहे. स्थानकाची कक्षा उंचावण्याचे काम मुख्यतः रशियन भागाकडे, तर विजेचा मोठा वाटा अमेरिकी सौरपट्ट्यांकडे. कोणालाही सहज हात झटकता येत नाहीत आणि वर माणसे राहतात. मंगळाचा रोव्हर मात्र जमिनीवर होता. तो थांबवला म्हणून कोणाच्या जिवाला धोका नव्हता. युद्ध सुरू असताना आक्रमकाच्या रॉकेटवरून वाजतगाजत उड्डाण करणे युरोपला शोभलेही नसते. निर्णय योग्यच होता, पण त्याची किंमत वर्षानुवर्षे या उपकरणांवर खपलेल्या शास्त्रज्ञांनी मोजली.

भारताचा संबंध काय?

मार्च २०२२ मध्येच ब्रिटनच्या ‘वनवेब’ कंपनीचे ३६ उपग्रह कझाकस्तानातील बायकोनूर येथे उड्डाणाच्या तयारीत होते. ब्रिटिश सरकारने कंपनीतला हिस्सा सोडावा, अशी अट रशियाने घातली. ती मान्य झाली नाही आणि उपग्रह तिथेच अडकले. मग काम ‘इस्रो’कडे आले. २३ ऑक्टोबर २०२२ आणि २६ मार्च २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून एलव्हीएम-३ रॉकेटने वनवेबचे प्रत्येकी ३६ उपग्रह सोडले.

म्हणजे तणावाचा फायदाही होतो? या वेळी झाला, कारण रॉकेट हाताशी होते. त्यामागचा इतिहास कडू आहे. १९९० च्या दशकात रशिया भारताला क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान देणार होता. अमेरिकेने १९९२ मध्ये इस्रोवर निर्बंध घातले, पुढच्या वर्षी रशिया मागे हटला. तयार इंजिने मिळाली, तंत्रज्ञान नाही. ते इथेच विकसित करण्यात दोन दशके गेली.

३० जुलै २०२५ रोजी ‘निसार’ उपग्रह अवकाशात गेला. त्यात एक रडार नासाचे, दुसरे इस्रोचे. त्याला नेणाऱ्या जीएसएलव्हीच्या वरच्या टप्प्यात भारतीय क्रायोजेनिक इंजिन होते.