राइड फुकट गेली?

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी सायकलने बापदेव घाट चढलो. माथ्यावर धुके होते, मागचे पुणे दिसेनासे झाले होते आणि मोबाइलची बॅटरी अर्ध्या वाटेवरच संपली होती. सोमवारी स्टाफरूममध्ये हे सांगितले, तेव्हा स्वतः नेमाने सायकल चालवणारे एक सहकारी हळहळले, "अरेरे, म्हणजे राइड फुकटच गेली की, सर!" त्यांच्या स्वरात थट्टेचा लवलेशही नव्हता, होती ती निखळ सहानुभूती. प्रस्तुत लेखाचे निमित्त ती सहानुभूतीच आहे.

'स्ट्रावा' हे अ‍ॅप २००९ साली अमेरिकेत सुरू झाले. धडपडणे अशा अर्थाच्या एका स्वीडिश क्रियापदावरून त्याचे नाव आले आहे. उपग्रहांच्या साह्याने ते आपली वाट, वेग आणि चढ टिपते. वापरणाऱ्यांनीच आखलेल्या, 'सेगमेंट' नावाच्या रस्त्याच्या तुकड्यांवर ते सर्वांची क्रमवारी लावते. चढावर जो सर्वांत वेगवान, तो 'किंग ऑफ द माउंटन'. मे २०२० पासून तर ही क्रमवारी संपूर्ण पाहायची असेल, तर पैसे मोजावे लागतात. आपण किती मागे आहोत हे कळण्यासाठीही आता वर्गणी आहे!

तिथल्या शाबासकीचे नाव 'कुडोस'. शब्द मूळचा ग्रीक. होमरच्या 'इलियड'मध्ये तो रणांगणावर देवांच्या कृपेने लाभणाऱ्या कीर्तीसाठी येतो. तिथे ती मिळवताना वीर प्राण पणाला लावतात. आता ती अंगठ्याच्या एका स्पर्शाने मिळते आणि देणाऱ्याने बहुधा काही वाचलेलेही नसते. शब्दाची ही घसरण साहित्याच्या अध्यापकाला टोचत नसेल, तर ती कोणाला टोचावी?

मात्र माझा खरा आक्षेप अ‍ॅपवर नाही. तो आपल्यावर, अध्यापकवर्गावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने 'एपीआय' आणला, तेव्हा आपण केवढा संताप व्यक्त केला होता! वर्गात उमललेला एखादा तास कोणत्या रकान्यात भरायचा, असा आपला प्रश्न होता आणि तो रास्त होता. तेच आपण आता पहाटे पाचला उठून, कोणीही सक्ती केलेली नसताना, स्वतःच्या विरंगुळ्याचे रकाने भरतो. नोकरीतली मोजणी लादलेली होती, असे म्हणता तरी येते. ही मोजणी आपण हौसेने अंगावर घेतली आहे.

यावर एक चतुर प्रतिवाद ऐकू येतो: वृत्तात लिहिणारा कवीही मात्रा मोजतोच ना? मोजतो, परंतु त्या मात्रा कवितेच्या सेवेत असतात आणि कविता साधली की वाचक त्या विसरतो. मात्रांची बेरीज बरोबर यावी एवढ्यासाठीच ओळी लिहिणाऱ्याला आपण पद्यकार म्हणतो, कवी म्हणत नाही. दुसरा प्रतिवाद आरोग्याचा. तो मला मान्य आहे. आकड्यांच्या धाकाने कित्येकांचे बैठे आयुष्य हलले; त्यांत मीही आहे. पण औषधाचा उपयोग मान्य केला, म्हणून त्यालाच अन्न म्हणण्याचे कारण नाही.

आणि जी नोंद आपण 'आपली' म्हणतो, ती आपली तरी असते का? नोव्हेंबर २०१७ मध्ये याच कंपनीने वापरणाऱ्यांच्या वाटांचा एकत्रित जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या ध्यानात आले, की अफगाणिस्तान, सीरिया यांसारख्या देशांतील लष्करी तळांच्या आकृत्या त्यात उजळून दिसत आहेत. तिथले सैनिक बिचारे व्यायाम म्हणून धावत होते. नकाशा मात्र भलतेच काही सांगून गेला.

गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीतली आपली भ्रमंती पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिली; 'माझा प्रवास' छापला गेला तो १९०७ साली. मधल्या काळात स्मरणाने काही गाळले असेल, काही गडद केले असेल. त्या निवडीतूनच प्रवासाला निवेदक मिळाला. अ‍ॅप काहीच गाळत नाही, म्हणून त्याला निवेदक नसतो. त्याच्यापाशी वाटेची रेघ असते. वाटेवर काय दिसले, हे सांगणारा कोणी नसतो.

त्या सहकाऱ्यांना मी विचारले, "तुम्ही गेल्या रविवारी घाट चढलात, तेव्हा काय पाहिलंत?" त्यांनी आपली वेळ सेकंदांसकट अचूक सांगितली. मी पुन्हा विचारले. ते थोडे थांबले, हसले आणि म्हणाले, "सर, खरं सांगू का, नीटसं आठवत नाही."

फुकट कोणाची राइड गेली, हे वाचकांनीच ठरवावे.