इंजिनचा पिवळा दिवा लागला, म्हणजे ई२० पेट्रोलचाच दोष?

आमच्या भंडाऱ्यात हल्ली कुणाच्या कारमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागला, की आरोपी ठरलेलाच असतो: ई२० पेट्रोल. राग समजण्यासारखा आहे. २० टक्के इथेनॉलचं २०३०चं लक्ष्य सरकारने २०२५ वर आणलं. त्याविरुद्धची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. पण दिवा खरंच पेट्रोलमुळे लागतो का? मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून आधी आकडे बघू.

आकडे काय सांगतात?

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जळायला बाहेरची हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई१०ला १४.१ आणि ई२०ला साधारण १३.५. सायलेन्सरच्या पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर हा फरक पकडतो आणि गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पेट्रोल थोडं वाढवतो. या दुरुस्तीला 'फ्युएल ट्रिम' म्हणतात.

ई१०साठी बनलेल्या गाडीत ई२० टाकलं, तर ही दुरुस्ती चार-पाच टक्क्यांची. पी०१७१ हा कोड (हवा जास्त, पेट्रोल कमी) मात्र बहुतेक गाड्यांत ती २०-२५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावरच येतो. मग बाकीचे टक्के कुठून आले? फाटलेला व्हॅक्यूम पाइप, मळलेला हवेचा सेन्सर, चोक झालेला इंजेक्टर किंवा दमलेला फ्युएल पंप. म्हणजे ई२० सहसा एकटं दिवा लावत नाही, काठावरच्या गाडीला धक्का देतं.

याचा अर्थ ई२०ला क्लीन चिट असा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं, की मायलेज काही गाड्यांत १-२ टक्के, तर इतरांत ३-६ टक्के घटू शकतं. काही जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, हेही मान्य केलं. तो खर्च आपल्याच खिशातून.

मग करायचं काय?

साकोली-लाखांदूरकडे बऱ्याच कंपन्यांचं सर्व्हिस सेंटर म्हणजे नागपूर. भंडारा शहरातूनच ते ६० किलोमीटर. म्हणून जवळच्या गॅरेजमध्ये बॅटरीची वायर काढून दिवा 'घालवला' जातो. त्यात कोडही पुसला जाऊ शकतो, बिघाड मात्र तसाच राहतो.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक कारमध्ये स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात काही शे रुपयांचा ब्लूटूथ अडॅप्टर लावा, 'टॉर्क'सारखं ॲप उघडा आणि कोड व लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा स्क्रीनशॉट घ्या.

- पिवळा, स्थिर: गाडी सावकाश चालवा, दोन-चार दिवसांत तपासा.
- पिवळा, लुकलुकणारा: मिसफायर. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं. गाडी थांबवा.
- ऑइल किंवा तापमानाचा लाल: इंजिन लगेच बंद, पुढे टोइंगच. 'साकोलीपर्यंत तरी नेऊ' हा विचार इंजिन घालवतो.

कोड म्हणजे लक्षण आहे, निदान नाही. पण पार्ट बदलायच्या आधी 'भाऊ, कोड कोणता आला?' एवढं नक्की विचारा. आणि उद्या पेट्रोलमुळेच नुकसान झालं असेल, तर भांडायलाही तोच स्क्रीनशॉट कामी येईल.